तुम्ही तुम्हीच आहात का?

28 फेब्रुवारी 2024 रोजी यवतमाळच्या सभेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी बटण दाबले आणि ‘पीएम किसान’चा सोळावा हप्ता देशातल्या सुमारे नऊ कोटी शेतकऱ्यांच्या खात्यांकडे निघाला. रक्कम 21 हजार कोटी रुपयांहून अधिक. त्याच मंचावरून राज्याच्या ‘नमो शेतकरी महासन्मान’ योजनेचे दुसरा आणि तिसरा असे दोन हप्ते सुटले. महाराष्ट्रातल्या पात्र शेतकऱ्याच्या नावे त्या एका दिवसात सहा हजार रुपये निघाले, असा त्याचा हिशेब.

बटण सगळ्यांना दिसले. त्याआधीची चाळणी कोणत्याच वाहिनीने दाखवली नाही. झरी-जामणी तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्यापर्यंत ‘पीएम किसान’चे दोन हजार पोहोचायचे तर आधी चार प्रश्नांचे उत्तर ‘हो’ असे यावे लागते. 1 फेब्रुवारी 2019 पर्यंत त्याच्या नावावर जमीन चढली होती का? त्याने ई-केवायसी केली आहे का? त्याचा आधार क्रमांक एखाद्या बँक खात्याशी जोडलेला आहे का? आणि ते खाते चालू आहे का? यातला एक प्रश्न शेतीचा आहे, बाकीचे तीन ओळखीचे.

या प्रकरणाचा विषय हे तीन प्रश्न आहेत. पूर्वी खाते उघडताना एकदा ओळख पटवली की माणूस सुटत असे. आता ओळख पटवण्याचे काम बँकेच्या दारातून उठून प्रत्येक व्यवहाराच्या पोटात शिरले आहे. अनुदान घेताना, पीक कर्ज उचलताना, कापूस विकताना, निराधार योजनेचे पैसे काढताना आपण आपणच आहोत हे पुन्हा पुन्हा दाखवावे लागते. शहरातला पगारदार हे मोबाइलवर दहा सेकंदांत उरकतो आणि विसरतो. यवतमाळसारख्या जिल्ह्यात त्यासाठी एका दिवसाची मजुरी बुडते. म्हणूनच ही यंत्रणा समजून घ्यायला यवतमाळ ही चांगली जागा आहे.

अंगठ्यापासून सुरुवात करू, कारण अंगठ्याचा इतिहास जुना आहे आणि तो इथलाच आहे. बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी होता. 1858 मध्ये रस्त्याच्या खडीचा करार करताना त्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. कंत्राटदाराने पुढे शब्द फिरवू नये एवढाच त्याचा हेतू होता. पुढे 1877 मध्ये हुगळीला असताना त्याने दस्तनोंदणीत आणि निवृत्तिवेतन देताना ठसे घ्यायला सुरुवात केली. मेलेल्या माणसाच्या नावावर कोणी पेन्शन उचलू नये, ही त्यामागची चिंता. आजही हयातीचा दाखला मागणाऱ्या कार्यालयाची चिंता तीच आहे. 1897 मध्ये कलकत्त्यात ठशांचे खास कार्यालय सुरू झाले. ठशांचे वर्गीकरण करण्याची जी पद्धत जगभर एडवर्ड हेन्रीच्या नावाने ओळखली जाते, तिच्यामागचे बरेचसे डोके अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचे होते.

खेड्यातल्या बँकेत मात्र अलीकडेपर्यंत ठशापेक्षा माणसाची ओळख चाले. खाते उघडायचे तर जुन्या खातेदाराची ‘इंट्रोड्यूसर’ म्हणून सही लागे. सोसायटीचा गटसचिव, गावचा मास्तर, किराणा दुकानदार यांपैकी कोणीतरी ‘हा अमक्याचा मुलगा’ असे सांगे आणि काम होई. यात ओळख होती आणि मिंधेपणही होते. ज्याला कोणी ओळखत नाही, किंवा ओळखत असूनही ओळख दाखवायची नाही, त्याला बँकेचे दार बंद. मारेगाव किंवा घाटंजी तालुक्यात गावापासून दूर वसलेल्या पोडावरच्या कोलाम कुटुंबासाठी बँकेत सही द्यायला कोण जाणार होते?

2002 च्या आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्याची अंमलबजावणी 1 जुलै 2005 पासून सुरू झाली आणि बँकांत ‘केवायसी’ हा शब्द रुजला. माणसाच्या जागी कागद आले. मिंधेपण गेले, पण कागद नसलेला माणूस होता तिथेच राहिला. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले, ते या मोठ्या वर्गाला डोळ्यांसमोर ठेवून. 2014 च्या ऑगस्टमध्ये जनधन योजना आली आणि आधारच्या जोरावर खाती उघडण्याचा वेग एकदम वाढला. एवढ्यानेही कोलामांपर्यंत सगळे पोहोचले नव्हते. कोलाम, कातकरी आणि माडिया गोंड या राज्यातल्या तीन अतिमागास आदिम जमातींसाठी नोव्हेंबर 2023 मध्ये ‘पीएम जनमन’ सुरू झाले, तेव्हा त्याच्या शिबिरांत पुन्हा आधार कार्ड आणि जनधन खाती काढून द्यावी लागली.

आता यंत्राकडे वळू. आधारच्या बारा अंकांपैकी पहिले अकरा कसलाही अर्थ नसलेले असतात. त्यांत जिल्हा नाही, जात नाही, जन्मसालही नाही. बारावा अंक मात्र आधीच्या अकरांवरून गणिताने काढलेला असतो. याकोबस व्हेरहॉफ या डच गणितज्ञाने 1969 मध्ये ही रीत मांडली. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर हा शेवटचा अंक जुळत नाही आणि संगणक क्रमांक तिथेच नाकारतो. सेवा केंद्रावर घाईत टाइप करणाऱ्या मुलाच्या चुका या अंकाने किती पकडल्या असतील, कोण जाणे.

गावात बँकेचे व्यवहार करून देणाऱ्या बँक मित्राकडच्या छोट्या यंत्रावर आपण बोट ठेवतो, तेव्हा ठशातल्या रेषा जिथे संपतात किंवा फुटतात त्या बिंदूंचा नकाशा तयार होतो. तो यंत्रातच कुलूपबंद होऊन बँकेमार्फत राष्ट्रीय देयक महामंडळाकडे आणि तिथून आधार प्राधिकरणाकडे जातो. प्राधिकरण नाव-गाव काही सांगत नाही. ‘या क्रमांकाखाली ठेवलेला ठसा आणि हा ठसा एकच का?’ या प्रश्नाला ते ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर देते. ‘हो’ आले की ज्या बँकेत खाते आहे ती बँक पैसे वजा करते आणि समोरचा बँक मित्र, तो कोणत्याही बँकेचा असो, नोटा मोजून देतो. एका वेळी जास्तीत जास्त दहा हजार. घरापासून चार पावलांवर, विड्रॉल स्लिप न भरता पैसे मिळतात, ही सोय खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला किती मोलाची आहे हे शहरात बसून कळणार नाही.

पण दोन ठसे कधीही तंतोतंत सारखे येत नाहीत. बोट थोडे तिरके पडते, ओले असते, धूळ असते. म्हणून किती साम्य असले की ‘हो’ म्हणायचे याची एक रेघ आखावी लागते. रेघ खाली घेतली तर परका आत शिरतो, वर नेली तर घरचाच बाहेर राहतो. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणता येत नाहीत, हे या शास्त्राचे मूळ दुखणे आहे. त्यात बोट कोणाचे आहे याने फार फरक पडतो. कापूस वेचताना बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी बोटे ओरखडली जातात. निंदण, खत, विळा-खुरपे आणि वय यांनी रेषा झिजतात. दिवाळीनंतर वेचणीच्या भरात केंद्रावर आलेल्या बाईला ‘मशीन बोट घेऊनच नाही राहिली, मावशी’ हे वाक्य ऐकावे लागते. मग बोट पुसा, पदराला घासा, दुसरे लावा.

मार्च 2018 मध्ये प्राधिकरणाचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी अजय भूषण पांडे यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे सादरीकरण केले. त्यात पडताळणी यशस्वी होण्याचे प्रमाण दूरसंचार कंपन्यांत 97 टक्के, बँकांत 95 टक्के आणि सरकारी सेवांत 88 टक्के असल्याचे सांगितले गेले. जिथे गरीब माणूस जास्त, तिथे यंत्राचा नकारही जास्त. आकडे आता जुने झाले आहेत. बुबुळाची आणि चेहऱ्याची पडताळणी आली आहे आणि ‘पीएम किसान’च्या ॲपवर तर जून 2023 पासून चेहरा दाखवून ई-केवायसी करता येते. तरी त्या तीन आकड्यांनी दाखवलेला उतार लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्राधिकरणाकडे प्रत्येकाचे कोणते बोट सर्वांत चांगले उमटते हे शोधण्याची सोयही आहे. केंद्रावर ती विचारून घ्यावी, सांगणारे थोडे असतात.

ठसा जुळला तरी पैसा चुकीच्या दारी जाऊ शकतो, आणि माझ्या मते सर्वाधिक गोंधळ इथेच आहे. अनुदान पाठवणारे सरकारी खाते आपला बँक खाते क्रमांक पाहतच नाही. ते फक्त आधार क्रमांक पाठवते. तो कोणत्या बँकेशी जोडलेला आहे याची एक यादी राष्ट्रीय देयक महामंडळाकडे असते आणि त्या यादीत एका आधारापुढे एकच बँक असते, सर्वांत शेवटी जोडलेली. आता एखाद्याचे जिल्हा मध्यवर्ती बँकेत पीक कर्जाचे खाते आहे, स्टेट बँकेत जनधन खाते आहे आणि दोन महिन्यांपूर्वी पोस्टमनने घरी येऊन टपाल बँकेचे खाते उघडून दिले आहे. तीनही ठिकाणी ‘आधार लिंक आहे’ असेच उत्तर मिळेल आणि तीनही उत्तरे खरी असतील. पैसे मात्र यादीत नाव असलेल्या एकाच बँकेत जातील. माणूस जुने पासबुक छापून आणतो, हप्ता दिसत नाही, आणि सरकारने फसवले असे म्हणत घरी जातो. या रचनेचा दुरुपयोगही झाला. 2017 मध्ये एअरटेल पेमेंट्स बँकेने मोबाइल पडताळणीच्या वेळी ग्राहकांना नीट न सांगता खाती उघडली आणि त्यांचे गॅस अनुदान तिकडे वळले. डिसेंबरात प्राधिकरणाने कंपनीची ई-केवायसी थांबवली.

कर्जमाफीचे दोन अनुभव शेजारी ठेवले की अशी यंत्रणा कशी उभारावी आणि कशी उभारू नये हे दोन्ही कळते. 2017 च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज भरायचा होता. नवरा-बायकोचे आधार, खाते, कर्ज, सारे त्यानेच सांगायचे. केंद्रांपुढे रांगा लागल्या, इंटरनेट बसले, आणि अर्जातली माहिती बँकेच्या माहितीशी जुळेना. महिनोन्‌महिने याद्यांची दुरुस्ती चालली. डिसेंबर 2019 मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत क्रम उलटा केला गेला. कर्जाची माहिती बँकेनेच द्यायची, यादी गावात लावायची, आणि शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन अंगठा लावून रक्कम पाहायची. रक्कम मान्य असेल तर ‘मान्य’, नसेल तर तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे. 24 फेब्रुवारी 2020 रोजी प्रत्येक जिल्ह्यातल्या दोन-दोन गावांची पहिली यादी लागली. पुढच्याच महिन्यात कोरोना आला आणि एकाच यंत्रावर सगळ्या गावाने बोट ठेवणे धोक्याचे ठरून काम थांबले, तो भाग वेगळा. रचना मात्र शहाणपणाची होती. संस्थेला जे आधीच माहीत आहे ते माणसाकडून पुन्हा लिहून घेऊ नये, त्याला फक्त खरे-खोटे करायला सांगावे.

हा शहाणपणा पुढे सगळीकडे टिकला असे नाही. 15 एप्रिल 2025 पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला. त्यात आधार आणि सातबारा एकमेकांना जोडले जातात. आधारवर नाव इंग्रजीत आणि मराठीत, सातबाऱ्यावर फक्त मराठीत, तेही पंचवीस वर्षांपूर्वी ज्याने जसे लिहिले तसे. एकाच विठ्ठलाची इंग्रजीत तीन स्पेलिंगे होतात. बाईचे नाव आधारवर सासरचे, जुन्या खात्यावर माहेरचे. सामाईक सातबाऱ्यावर सहा भावंडे असतात आणि त्यातले दोन पुण्याला. खरी अडचण त्याहून पुढची आहे. विदर्भात मक्त्याने किंवा बटईने शेती करणारे पुष्कळ आहेत. कापूस पिकवतो एक, सातबारा दुसऱ्याचा. 2025 च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाने कापूस विकण्यासाठी ‘कपास किसान’ ॲपवर आधारसह नोंदणी सक्तीची केली आणि चुकारा आधारशी जोडलेल्या खात्यात देण्याची पद्धत ठेवली. खेडा खरेदीतल्या व्यापाऱ्याने शेतकऱ्यांच्या नावावर आपलाच माल खपवू नये हा त्यामागचा हेतू रास्त आहे. पण मक्त्याने शेती करणाऱ्याची ओळख शंभर टक्के पटली तरी तो या व्यवस्थेत शेतकरी ठरत नाही. हीच गत आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या विधवेची, जिची जमीन अजून सासऱ्याच्या नावावर आहे. तिचा अंगठा पहिल्या झटक्यात लागतो. हप्ता येत नाही, कारण दोष वारस नोंदीत आहे आणि तो दुरुस्त करणारे यंत्र अजून निघालेले नाही.

आता साखळीच्या दुसऱ्या टोकाकडे, जिथे ओळख जन्माला येते. आर्णी तालुक्यात शेंदुरसनी नावाची लहान ग्रामपंचायत आहे, लोकसंख्या दीड हजारांच्या आसपास. 2025 च्या अखेरीस उघडकीस आले की सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत तिथल्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या संगणक प्रणालीत सुमारे 27 हजार जन्मांच्या नोंदी झाल्या आहेत. गावात इतकी माणसेच नाहीत! ग्रामपंचायतीचा प्रवेश-संकेत वापरून बाहेरून हे केले गेल्याचा संशय होता, गुन्हा दाखल झाला, विशेष तपास पथक नेमले गेले. बातमी राजकीय आरोप-प्रत्यारोपांत बुडाली. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचा अर्थ साधा आहे. जन्म नोंदणीच्या सुधारित कायद्यानुसार 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच शाळा, आधार, मतदारयादी यांचा मूळ पुरावा आहे. दाखल्यावर आधार, आधारवर खाते, खात्यावर कर्ज. वरचा प्रत्येक टप्पा ‘कागद खरा आहे का’ हे तपासतो आणि कागद तर सरकारी प्रणालीतूनच निघालेला असतो. आपण शेतमजुराच्या बोटावर इतका संशय घेतो आणि ग्रामपंचायतीच्या पासवर्डवर इतका विश्वास टाकतो, हे उलटे व्हायला हवे.

बोटाचा आणखी एक दोष असा की ते बदलता येत नाही. एस्टोनियात नागरिकांच्या ओळखपत्रातल्या चिपमध्ये 2017 मध्ये दोष सापडला, तेव्हा साडेसात लाखांहून अधिक कार्डांची प्रमाणपत्रे थांबवून नवी दिली गेली. बोट असे परत मागवता येत नाही. पैनगंगेपलीकडच्या तेलंगणात 2018 मध्ये एका इसमाने जमिनीच्या नोंदणी दस्तांवरचे अंगठे उतरवून रबरी ठसे बनवले आणि त्यांवर सिमकार्डे चालू केल्याचे पोलिसांनी उघड केले. त्यानंतर देशात अनेक ठिकाणी अशाच ठशांनी खाती रिकामी झाली. 2023 पासून प्राधिकरण ठशासोबत बोट जिवंत आहे का हेही तपासते. रिझर्व्ह बँकेने जून 2025 मध्ये अंगठ्यावर पैसे देणाऱ्या केंद्रचालकांची कसून तपासणी करण्याचे निर्देश दिले, ते 1 जानेवारी 2026 पासून लागू झाले. ज्यांना अंगठ्यावर पैसे काढायचेच नसतात त्यांनी आधारच्या ॲपवर बायोमेट्रिक्सला कुलूप लावून ठेवावे, हे उत्तम.

कायदा माणसाच्या बाजूने किती आहे हे केंद्रावर कोणी सांगत नाही, म्हणून इथे सांगतो. सप्टेंबर 2018 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने बँक खात्याला आधार जोडण्याची सक्ती रद्द केली. सरकारी अनुदानासाठी आधार मागता येतो, साधे खाते उघडायला मतदार ओळखपत्र चालते, आणि अधिकाऱ्याची सही असलेले रोजगार हमीचे जॉबकार्डही चालते. कमी जोखमीच्या खात्याची केवायसी दहा वर्षांतून एकदाच नवी करायची असते आणि जून 2025 पासून ती बँक मित्राकडेही होते. जनधन खात्यांना दहा वर्षे झाली म्हणून त्याच वर्षी जुलै ते सप्टेंबर ग्रामपंचायतींत शिबिरे घेण्यात आली. जे तेव्हा कामाला बाहेर होते, त्यांनी गावी आल्यावर आपले खाते चालू आहे का हे आधी पाहावे. आपला आधार कोणत्या बँकेच्या नावापुढे आहे हेही प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिसते, त्यासाठी 1947 हा दूरध्वनी क्रमांक आहे. पैसे परस्पर गेले तर 1930.

आणि अंगठा लागला, खात्यातून पैसे वजा झाल्याचा मेसेज आला, पण ‘व्यवहार फेल गेला, उद्या या’ असे उत्तर मिळाले, तर पावती घेतल्याशिवाय उठू नका. 20 सप्टेंबर 2019 च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाप्रमाणे असे पैसे पाच दिवसांत परत जमा व्हायला हवेत. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता द्यायची असते.